धुऱ्यापासून पाच पावलं

भाजीचा धंदा मी आयुष्यभर केला, भंगाराचा काही वर्षंच. तरी भेटेल तो मला विमानांचंच विचारतो. आता अंकासाठी लिहा म्हटल्यावर मीही तेच लिहायला बसले आहे. खरं सांगते, विमानं मी मोजून चार उचलली. पण चार विमानांपायी जेवढा संशय खाल्ला आणि लोकांना खायला घातला, तेवढा चाळीस वर्षांच्या भाजीबाजारातही नाही, आणि भाजीबाजारात तर तागडीकडे बघितल्याशिवाय गिऱ्हाईक बोलत नाही.

लढाईच्या वर्षांत आमच्या वऱ्हाडावरून विमानं जायची. त्यातलं एखादं बिघडायचं, पडायचं. पडलं की लष्कराची मोटार यायची, माणसं न्यायची, बंदुका, घड्याळं, बिनतारी यंत्र काढून न्यायची. राहिलेला सांगाडा कोण ओढत नेणार? तिथेच खड्डा खणायचा, त्यात तो जाळायचा, वर माती लोटायची आणि निघायचं. लढाई संपल्यावर ते पुरलेलं भंगार सरकारने लिलावात काढलं. तेव्हा आम्ही मध्यप्रांतात, नागपूरहून हुकूम यायचा. आमच्या घरच्यांची, म्हणजे माझ्या यजमानांची, छावणीला भाजी पुरवता पुरवता एका कारकुनाशी ओळख झाली होती. त्या ओळखीवर त्यांनी चार जागांचा कागद घेतला आणि महिन्याभरात भरली बंडी त्यांच्या पायावरून गेली. पाय कायमचा अधू झाला. कागद माझ्या पदरात पडला.

वाचायला मी शिकले भाजी बांधायच्या रद्दीवर, तेही वयाच्या पंचविशीत. जमीन वाचायला मात्र कुणी शिकवावं लागलं नाही. माळ्याच्या घरचा जन्म. आमची काळी माती पावसाळ्यात पिठल्यासारखी होते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. नाकाड खाली घालून पडणाऱ्या विमानाचं इंजिन सगळ्यात पुढे असतं, ते या मातीत थेट पुरुषभर खाली जातं. लष्कराच्या खड्ड्यात पत्रा सापडतो, तारा सापडतात. इंजिन त्या खड्ड्यात नसतंच. ते बाजूला, खोल, एकटं बसलेलं असतं. आणि माल म्हणावा तर तेच.

शोधायचं कसं, तर चैत्र-वैशाखात. कापूस निघून गेलेला, पऱ्हाट्या उपटलेल्या, वावर मोकळं. न हललेल्या जमिनीत भेगा जाळीसारख्या पडतात. खाली काही रुतून बसलं असेल तिथे त्या गोल फिरतात, जात्याभोवती पीठ पडावं तशा. तशी जागा दिसली की लोखंडी सळई ठोकायची. दगड लागला तर ठप्प वाजतं, मुळी लागली तर वाजतच नाही, आणि इंजिन लागलं तर सळईतून एक झिणझिणी येते ती मनगटापर्यंत. मग कडेने खणायचं, सागाच्या तीन लाकडांची तिवई उभी करायची, कप्पी-साखळदंड लावायचा आणि बैलांच्या दोन जोड्या. माती लवकर सोडत नाही. सोडते तेव्हा चिखलातून पाय निघावा तसा आवाज होतो आणि बघायला आलेलं गाव एकदम दहा पावलं मागे सरकतं.

गाव बघायला यायचं ते कौतुकाने नव्हे. आमच्यावर पहारा ठेवायला यायचं. चांदूर बाजाराकडे एका वावरात आम्ही खणत होतो तर तीन घरची माणसं शिदोऱ्या बांधून पाळीपाळीने बसली होती. सगळ्यांची खात्री, की विमान हे निमित्त, बाई गुप्तधन काढायला आली आहे. हिवरखेडला उलट. तिथे मलाच संशयाचा वास आला. एका आजीच्या अंगणात गोवऱ्यांची उतरंड रचली होती आणि ती काही केल्या तिथून उठेना.

"आजी, उन्हात काहून बसल्या?"

"माया गोवऱ्या, माया उन्ह. तुले काय करायचं हाये?"

शेवटी तिच्या सुनेलाच हसू आवरेना. गोवऱ्यांखाली पंखाचा अख्खा पत्रा निघाला. आजी म्हणाली, "आभायातून पडलं थे ज्याच्या दारी पडलं त्याचं. सरकार काय आभायाचं मालक हाये?" तो पत्रा मी तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर राहू दिला. पण त्या दिवसापासून मी गोवऱ्यांच्या उतरंडीकडे सरळ नजरेने बघितलं नाही. धंदा माणसाला असा करतो. प्रत्येक उंचवटा लपवाछपवीचा वाटायला लागतो.

माझ्याबरोबर करीमभाई असायचे. हे आमच्या घरच्यांचे लहानपणचे दोस्त, आमच्याच अकोल्याच्या जुन्या शहरातले कलईवाले. घरोघरची तांब्या-पितळेची भांडी न्यायची, कलई लावून चांदीसारखी करून परत द्यायची. पातेल्याला नख मारून सांगायचे यात जस्त किती. असा कान दुसऱ्या कुणाला नव्हता. सळई त्यांनीच घडवली होती आणि ठोकायचेही तेच. मी भेगा बघायच्या, त्यांनी आवाज ऐकायचा, अशी आमची वाटणी.

आमची आणखी एक रीत होती, ती माझी. जागा सापडली आणि त्याच दिवशी काढता येत नसेल तर तिथे खुंटी मारायची नाही. दगड नाही, चिंधी नाही, काही नाही. खुंटी दिसली की गाव तिथेच खणणार. त्याऐवजी धुऱ्यापासून पावलं मोजायची आणि मनात ठेवायची. धुरा म्हणजे दोन वावरांमधला गवताचा बांध. ती पावलं दोघांनाच माहीत, मला आणि करीमभाईंना. मला या युक्तीचा फार अभिमान होता. घरच्यांनाही मी आकडा सांगत नसे.

चौथी जागा भातकुलीजवळची. वावर गुलाबराव म्हणून एका शेतकऱ्याचं आणि शेजारचं त्याच्याच चुलतभावाचं, नारायणरावाचं. दोघांच्या मध्ये धुरा, त्यावर मोजणीचा दगड. लष्कराचा खड्डा आम्ही उकरून मोकळा केला. इंजिनाने मात्र दमवलं. शेवटी ज्येष्ठ लागता लागता करीमभाईंची सळई थांबली. त्यांनी कान लावला, वर बघितलं आणि हसले.

"भाभी, हात लावून पाहा. इंजिन हाये. साबूत हाये."

दगडाच्या रेषेत, गुलाबरावांच्या बाजूला, धुऱ्यापासून पाच पावलं. तिवई यायला चार दिवस होते आणि त्याआधीच आभाळ भरून आलं. भोक बुजवलं, वरून ढेकळं पसरली, पावलं मनात ठेवली आणि परतलो. पावसाळ्यात काळ्या मातीत कुणी खणत नाही. पुढच्या उन्हाळ्यावर टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा गुलाबरावांना लकव्याचा झटका येऊन गेला होता. बोलणं गेलं होतं, उजवं अंग गेलं होतं. वावर दूरच्या गावच्या माणसाला मक्त्याने दिलेलं. आम्ही दगडापाशी उभे राहिलो, पाच पावलं मोजली, करीमभाईंनी सळई घातली. ती लोण्यात सुरी जावी तशी गेली. काढली, हातभर सरकून घातली. पुन्हा तसंच. संध्याकाळपर्यंत त्या जागेभोवती आम्ही चाळणी केली. इंजिन नाही.

"भाभी, इंजिनले काय पाय फुटले?" करीमभाई घाम पुसत म्हणाले.

मी हसले नाही. मी त्यांच्या पायाकडे बघत होते. नव्या चपला होत्या. सकाळपासून दिसत असून मला त्या दिसल्या नव्हत्या.

विहिरीवर पाणी प्यायला गेले तर नारायणराव तिथे. मोठा अदबीचा माणूस. स्वतः दोर ओढून पाणी दिलं आणि हळूच म्हणाला, "बाई, तुमचं काम तर पोळ्याच्या आधीच झालं ना? बंडी आलती. तुमचाच माणूस होता, थो दाढीवाला. मले वाटलं तुमीच धाडला."

पावसाळ्यात काळ्या रानात भरली बंडी चालत नाही. चाकं आसापर्यंत बुडतात. हे मला, माळ्याच्या लेकीला, ठाऊक नव्हतं का? होतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता. पाच पावलं दोघांना माहीत. मी नेलं नाही. मग उरलं कोण?

परतताना बंडीत मी विचारलं, "करीमभाई, श्रावणात तुमी कुठी होते?"

"अमरावतीले. बहीण बिमार होती. तुमाले सांगून गेलतो."

"अमरावतीहून भातकुली लांब नाइ."

मग ते गाडीवानाला म्हणाले, "रोक रे." उतरले. सळई माझ्या पायाशी नीट आडवी ठेवली, तिचं टोक माझ्याकडे येऊ नये अशी, आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागले. स्टेशन तिथून चार कोस असेल. मी हाक मारली नाही. मला वाटलं, चोर रागावतो तो असाच.

मी गावात काही बोलले नाही, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. फक्त घरच्यांना सांगितलं. आणि चुलीपाशी जावेला. बस. आठ दिवसांत जुन्या शहरात अशी एक गल्ली उरली नाही जिथे ते पोचलं नव्हतं. कलईवाल्याचा धंदा तो कसला? बायका त्याच्या हाती लग्नातली भांडी देतात, आणि तो ती घेऊन दिसेनासा होतो संध्याकाळपर्यंत. नाव गेलं की सगळं गेलं. करीमभाई आरोळी देत यायचे आणि दारातूनच ऐकू यायचं, "आज नको, भाऊ." "सासूबाई घरी नाहीत." "यंदा नाही लावायची." मी आतून ऐकायची. एकदा तर आमच्या दाराशी येऊन त्यांची आरोळी थांबली आणि चार घरं पुढे जाऊन पुन्हा सुरू झाली.

आमच्या घरच्यांनी दोस्ताची बाजू घेतली नाही, माझीही घेतली नाही. पाय चोळत एवढंच म्हणाले, "तू पाह्यलं काय त्याले नेताना?"

"नारायणरावानं पाह्यलं."

"नारायणराव कोण हाये आपला?"

अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाल्यावर एक वळीव येऊन गेला. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी भातकुलीला गेले, ती जागा सोडल्याचा कागद पाटलाला द्यायला. पाटील घरी नव्हता. भाकर बांधून आणली होती, ती खायला त्या धुऱ्यावर जाऊन बसले. का तिथेच, ते नाही सांगता येत. दुखरा दात जीभ चाचपते तसं झालं असेल.

खाता खाता नजर नारायणरावाच्या वावरात गेली. नांगरून पडलेलं वावर, ढेकळंच ढेकळं, आणि त्यात हिरवी रेघ. कुंदा उगवला होता. कुंदा म्हणजे आमच्याकडचं हट्टी गवत, मुळ्या कमरेइतक्या खोल, नांगरून मरत नाही. वावरात तो कुठेही येतो, ठिपक्याठिपक्याने, पुंजक्याने. हा मात्र नाल्यापासून वरपर्यंत दोरीने आखल्यासारखा, सरळ, दोन हात रुंद.

घास तोंडात तसाच राहिला. कुंदा रांगेत उभा राहतो तो फक्त धुऱ्यावर.

मी बसले होते त्या धुऱ्यावरचं गवत बघितलं. कोवळं, काल लावल्यासारखं. दगडाच्या बुडाची माती उकरली. भुसभुशीत. आजोबाच्या काळचा दगड असा सैल रोवलेला नसतो. हिरव्या रेघेपर्यंत चालत गेले, मोजत. सात पावलं. गुलाबराव बाजेवर पडल्यावर नारायणरावाने धुरा सात पावलं उचलून भावाच्या वावरात नेऊन ठेवला होता, दगडासकट. इंजिन जागचं हललं नव्हतं. जुन्या धुऱ्यापासून ते अजूनही पाच पावलांवरच होतं. ते आता नारायणरावाच्या ताब्यात होतं, एवढंच.

सळई मी त्या दिवशी आणली नव्हती. दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. हिरव्या रेघेपासून पाच पावलं मोजून स्वतः ठोकली. माझ्या हाताला करीमभाईंचा कान नाही, पण ती झिणझिणी दगडाची नव्हती.

"बाई! माया वावरात काय करून राह्यल्या?" नारायणराव पळतच आला.

"तुमचं वावर कुठून लागते, थे पाहून राह्यली."

त्याने हिरव्या रेघेकडे बघितलं. मग अदब परत आली. म्हणाला, "कशाले गवगवा? इंजिन तुमचं हाये, घेऊन जा. मीच माणसं देतो. वढून तिकडल्या बाजूले नेऊ अन् तिथून काढलं म्हणू. तुमचं काम झालं, माया धुरा राह्यला."

"अन् थो बंडीवाला?"

"कोण?"

"दाढीवाला. पोळ्याच्या आधी आलता थो."

"मानसाले भास होते, बाई."

घरी सांगितलं तर जाऊ म्हणाली, घ्या की गुपचूप. भावाभावांच्या भांडणात आपण कशाला? मलाही तो मोह झाला, खोटं नाही सांगत. पण विचार केला, इंजिन गपचूप आलं तर अकोल्यात काय म्हणतील? म्हणतील, करीमने भिऊन परत आणून टाकलं. इंजिन येईल आणि त्यांच्या नावावरचा डाग आणखी पक्का होईल. ते सुटायचे असतील तर धुरा सगळ्यांसमोर उघडा पडायला हवा होता.

म्हणून पाटील बोलावला, कोतवाल बोलावला, पटवारी नकाशा घेऊन आला. गुलाबरावांना त्यांच्या पोरींनी बाजेसकट उचलून आणलं. बोलता येत नव्हतं. त्यांनी डावा हात वर केला आणि बोट त्या हिरव्या रेघेवर धरलं ते खाली घेईनातच. पटवाऱ्याची साखळी तिथेच जाऊन टेकली. तिवई उभी राहिली, बैल जुंपले, इंजिन वर आलं, मातीने माखलेलं, मेलेल्या रेड्यासारखं. या खेपेला कुणी मागे सरकलं नाही. सगळे नारायणरावाकडे बघत होते. मी पाटलाला सांगून पंचनाम्यात एक ओळ जादा लिहून घेतली, की इंजिन पडल्या जागीच होतं, कुणी हलवलेलं नव्हतं. आयुष्यात मी मोठ्याने वाचलेला तो पहिला कागद.

तो कागद घेऊन मी करीमभाईंच्या मोहल्ल्यात गेले. बंडीत घरातली सगळी तांब्या-पितळेची भांडी घातली होती, पाण्याच्या हंड्यापासून वाटीपर्यंत. भर गल्लीत उभी राहून कागद वाचला. नंतर कागदात नव्हतं तेही बोलले, की चोरीचा बोल माझ्या तोंडून निघाला आणि तो खोटा होता. बायका पडद्यामागून ऐकत होत्या. करीमभाई विझलेल्या भट्टीपाशी बसून होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"भाभी, एक बात पुसू?"

"पुसा."

"इंजिन मिळालंच नसतं तर?"

काय सांगणार? इंजिन मिळालं नसतं तर मी आज हे लिहिताना त्यांना चोरच लिहिलं असतं, आणि छान रंगवून लिहिलं असतं.

त्यांनी मला जास्त वेळ तिष्ठत ठेवलं नाही. उठले, बंडीतली भांडी उतरवून घेतली, भट्टी पेटवली. त्यानंतर हळूहळू गल्ल्यांनी त्यांना पुन्हा दारं उघडली. खोदाईला मात्र ते परत आले नाहीत, मीही विचारलं नाही. त्यांच्याशिवाय मला सळई ऐकू येईना, म्हणून तो धंदा मी तिथेच सोडला.

कलईला ते येत राहिले, म्हातारे होईपर्यंत. शेजारच्या घरांत भांड्यांची पोती दारात टेकवायचे आणि चहा घेऊन निघायचे. आमच्या ओट्यावर मात्र पोतं सोडून बसायचे. एकेक भांडं बाहेर काढायचे, मला दाखवायचे, माझ्यासमोर ठेवायचे. हंडा एक. पातेली दोन. गडवे चार. मी म्हणायची, "करीमभाई, राहू द्या ना आता." ते रागावलेले नसायचे. माझ्या घरच्यांची, पोराबाळांची विचारपूस करता करताच शेवटची वाटी ठेवायचे आणि म्हणायचे, "मोजून घ्या, भाभी."